मादलेनअक्काचं गवत

झुलाल पाटकरी १९३७ साली स्वित्झर्लंडला जाऊन आला. पश्चिम खानदेशात त्या काळी परदेशी जाणारी माणसं तीन प्रकारची असत : बॅरिस्टर व्हायला गेलेली, डॉक्टर व्हायला गेलेली आणि पलटणीबरोबर गेलेली. पहिली दोन काहीतरी होऊन परत येत, तिसरी येत किंवा येत नसत. झुलाल काहीच न होता परत आला. वर, तिथं काय काय पाहिलंस असं कुणी विचारलं, तर बर्फ, आगगाडी आणि मडमा बाजूला ठेवून तो एका म्हाताऱ्या बाईच्या गवताची हकीकत सांगत बसे. ऐकायला जमलेल्यांची फार निराशा होई.

खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले त्या साली झुलालचा जन्म झाला. या दोन घटनांचा एकमेकींवर काही परिणाम झाल्याचं दिसत नाही. पांझरेच्या काठचं पिंपळोदे हे त्याचं गाव, आणि बापानंतर पाटकऱ्याचं काम त्याच्याकडे आलं. पांझरेवर बंधारे आहेत, बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी एकट्या पाटकऱ्यानं द्यायचं. वरच्या वावरापासून सुरुवात करून ओळीनं खाली जायचं, कुणाचं वावर लहान की मोठं, कुणाचा मामा मामलेदार, हे बघायचं नाही. सगळ्यांत मोठा नियम असा की मालकानं पाण्याला हात लावायचा नाही. वावर त्याचं, पीक त्याचं, पण पाटाला पाडलेलं तोंड, म्हणजे बारं, उघडायचं ते पाटकऱ्यानंच. मालकाचा हात बाऱ्याला लागलेला दिसला की दंड. एकदा गावच्या पुढाऱ्यानं, छगन आबानं, पाय धुताना फावड्यानं थोडी माती सरकवली, तर झुलालनं आबालाही दंड केला होता. आबानं तो भरला आणि मग दोन वर्षं ते कौतुकानं सांगितलं.

१९३५च्या पुरात पिंपळोद्याचा बंधारा मधोमध फुटला. तो बांधायला गाव जमलं, आणि कुठूनसा अर्नेस्ट नावाचा एक गोराही आला. तो स्वित्झर्लंडचा, पेशानं सुतार. निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी एकत्र दगड वाहिले तर ती एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत, असं मानणाऱ्या एका लहानशा मंडळीतला तो स्वयंसेवक. गावानं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. बंदुका कुणाकडे नव्हत्या, पण दगड पुष्कळ होते. अर्नेस्ट दीड वर्ष राहिला. मराठी म्हणून जी भाषा तो शिकला ती पिंपळोद्याची, त्यामुळे धुळ्याच्या कचेरीत साहेबासमोर तो "मनं एक काम शे" अशी सुरुवात करी आणि कारकून खाली बघून कागद चाळत.

जाताना तो झुलालला म्हणाला, "आते तू मना गावले ये. आमना डोंगर पडना, पाट तुटी गया. दगड उचलाले मानसं पाहिजेत."

त्यांच्या डोंगरातल्या एका गावाचा पाट दरड कोसळून तुटला होता आणि मंडळी तिथं उन्हाळाभर राहून तो बांधणार होती. जाण्यायेण्याचा खर्च मंडळी करणार. मजुरी कुणालाच नाही.

यशोदाबाईनं, म्हणजे झुलालच्या बायकोनं, हे चुलीपाशी बसून ऐकलं. "सासरवाडीले जावानं म्हंतं ते तुमना पाय दुखतस," ती म्हणाली. "आन तठे दगड उचलाले पाय चालतस?"

"फागुननंतर नदी आटी जास. मले आठे काय काम शे?"

"पेरनी कोन करी?"

"अभिमन करी." अभिमन हा त्याचा धाकटा भाऊ.

"अभिमन करी," ती म्हणाली. त्या दोन शब्दांत अभिमनच्या शेतीबद्दल जेवढं सांगता येईल तेवढं तिनं सांगितलं. मग तिनं चार पायल्या ज्वारी दळायला काढली.

छगन आबानं एकच चौकशी केली. "पानी तठेबी खालेच जास ना?" अर्नेस्ट म्हणाला, जातं. "मंग जाय, भो," आबा म्हणाला. पासपोर्टासाठी धुळ्याला गेल्यावर कारकुनानं विचारलं, कशासाठी जाता? झुलालनं सांगितलं, फुकट काम करायला. कारकुनानं टाक खाली ठेवला. "अहो, मग ते धुळ्यात होत नाही का?"

आगबोटीचे सतरा दिवस झुलालनं आडवं पडून काढले. जिनोवा बंदरात उतरला, आगगाडीनं डोंगरांत गेला आणि शेवटचा पाच तासांचा चढ चालून वालरोस नावाच्या गावात पोहोचला. लाकडी घरं, एक ख्रिस्ती देऊळ, उतारावर गवताची लहान लहान वावरं. पीक म्हणून ते गवतच. झुलालला वाटलं होतं, एवढ्या लांब आलोय तर गहू तरी असेल. अर्नेस्टनं समजावलं, "आठे गाय जगी ते मानूस जगी. गाय हिवाळाम्हा सहा महिना गोठाम्हा ऱ्हास. तवय हाईच गवत."

स्वयंसेवक बाराजण होते. त्यांतले एक जर्मन चांभार आणि एक फ्रेंच शिक्षक मागच्या महायुद्धात एकाच नदीच्या दोन काठांवर होते. आता एकच चांगली कुदळ होती आणि ती कुणी घ्यायची यावरून ते रोज सकाळी अतिशय सभ्यपणे भांडत. पाट कड्याला लटकवलेल्या लाकडी पन्हळींतून यायचा. तुटलेला भाग दोनशे पावलांचा. दीड महिन्यात तो जोडला. जूनमध्ये पाणी सोडलं, आणि नव्या जोडांवर लक्ष ठेवायला माणूस हवा म्हणताच सगळ्यांनी झुलालकडे बघितलं. पाट राखणं हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. त्याचा ऊर जरासा भरून आला, आणि पुढचा घोटाळा बहुधा त्यामुळेच झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाटाच्या कडेनं खाली येत होता. गावातले पुरुष गुरं घेऊन वरच्या कुरणांवर गेलेले, अर्नेस्ट आणि बाकीचे कड्याकडे. उन्हं देवळाच्या कळसावर आली, तशी काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी आली, इकडेतिकडे न बघता पाटाशी वाकली, बाऱ्यावरची चपटी फरशी उचलली आणि पाणी आपल्या वावरात घेतलं.

झुलाल थबकला. मालकीण, स्वतःच्या हातानं, भर दिवसा.

तो हात जोडून पुढे गेला. "अक्का, घर जाय," म्हणाला, आणि फरशी जागच्या जागी बसवली. बाई बोलू लागली. ती बरंच बोलली. झुलालला त्यातलं काही कळलं नाही, पण पाणी चोरताना सापडलेला माणूस पिंपळोद्यातही बरंचच बोलतो, म्हणून त्यानं शांतपणे मान हलवली. तिनं पुन्हा फरशीला हात घातला, त्यानं पुन्हा बसवली. शेवटी ती काठी टेकत वर कड्याकडे अर्नेस्टला बोलवायला गेली. तिला वर पोहोचायलाच तीन तास लागले.

तेवढ्या वेळात झुलालनं रीतसर काम केलं. सगळ्यांत वरच्या वावरापासून सुरू करून, एकेक बारं उघडत, ओळीनं अकरा वावरांना त्यानं सारखं पाणी दिलं. बारावं म्हातारीचं होतं. तिथं पोहोचेपर्यंत सूर्य माथ्यावर आला होता आणि वरून अर्नेस्ट धावत येत होता.

"काय करं तू?" अर्नेस्टला धाप लागली होती.

"पानी दिधं. बठ्ठासले सारखं."

अर्नेस्ट पाटाच्या कडेला बसला. वालरोसची रीत अशी होती : प्रत्येक घराची पाण्याची वेळ ठरलेली. ती लाकडी काठीवर खाचा पाडून लिहिलेली, काठ्या पंचांकडे. ज्याची वेळ त्यानंच आपलं बारं उघडायचं. दुसऱ्याच्या बाऱ्याला हात लावणं हा त्यांच्याकडे मोठा गुन्हा, आणि झुलालनं तो एका सकाळी बारा वेळा केला होता. मादलेन हे त्या बाईचं नाव. विधवा, एक गाय, एवढंसं वावर. तिची वेळ उन्हं कळसावर आल्यापासून माध्यान्हीपर्यंत. ती आता टळली होती आणि पुन्हा एकवीस दिवसांनी येणार होती.

"एकईस दिन गवत दम काढी?" झुलालनं विचारलं.

"नही."

"मंग गाय?"

"हिवाळाना पहिले इकनी पडी."

झुलालनं म्हातारीकडे बघितलं. ती अर्नेस्टच्या मागून येऊन पोहोचली होती. वाकून गवताचा एक झुबका मुठीत धरून बघत होती, कापूस पिवळा पडायला लागला की आपल्याकडच्या बाया बघतात तसा.

रविवारी देवळासमोर पंच बसले. चौकशी थोडक्यात झाली, कारण आरोपीला सगळं कबूल होतं. दंड म्हणून परक्यानं मादलेनबाईकडे सहा दिवस बिनमजुरीचं काम करावं, असं ठरलं. इतक्या लांबून फुकट काम करायला आलेल्या माणसाला फुकट कामाची शिक्षा होते आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि झुलालनंही ते काढलं नाही. त्याला हवं होतं ते वेगळं. ज्या अकरा जणांना आयतं पाणी मिळालं त्यांनी आपल्या वेळेतलं थोडं थोडं अक्काला परत द्यावं, असं त्यानं अर्नेस्टकरवी मांडलं.

अकरा जणांनी विचार केला. एक म्हणाला, मी काही मागितलं नव्हतं. दुसरा म्हणाला, पाणी जमिनीनं प्यायलं, मी नाही. तिसरा म्हणाला, ही वेळ माझ्या आज्याची आहे, आज्याला विचारल्याशिवाय कशी देऊ? आजा वारून चाळीस वर्षं झाली होती. अर्नेस्ट एकेक वाक्य सांगत गेला आणि झुलालला परक्या मुलुखात आल्यापासून पहिल्यांदाच माणसं ओळखीची वाटू लागली.

म्हणजे कुणाच्या वाट्याचं पाणी मिळणार नव्हतं. मग कुणाच्याच वाट्याचं नसलेलं पाणी शोधायला हवं होतं. सोमवारी पहाटे तो पाटाच्या उगमापासून चालत निघाला. जुन्या पन्हळींच्या सांध्यांत शेवाळ कोंबलेलं होतं आणि प्रत्येक सांधा गळत होता. मातीच्या पाटाला उंदरांनी बिळं पाडलेली. हे पाणी कड्यावरून खाली जाऊन कुणाच्याही आज्याचं होत नव्हतं.

दंडाचे सहा दिवस त्यानं मादलेनबाईकडून मागून घेतले. तिनं विचारलं, माझं काम सोडून हा कुठे जातो? अर्नेस्टनं सांगितलं, तुझंच काम करतो. तिचा विश्वास बसला नाही. काळी माती तिथं नव्हती. ओढ्याकाठी निळसर चिकट माती सापडली. ती त्यानं पायांनी तुडवली, गोठ्यामागच्या उकिरड्यातलं शेण आणि गवताचा चुरा घालून रात्रभर मुरू दिली आणि सांध्यासांध्यावर लिंपत गेला. अर्नेस्ट सुतार होता, त्याला आपल्या पन्हळींवर शेण चढलेलं बघवेना.

"लाकडाले वास येई," तो म्हणाला.

"पाटले कोन हुंगस?" झुलाल म्हणाला.

तिसऱ्या दिवशी जर्मन चांभार मदतीला आला आणि चौथ्या दिवशी फ्रेंच शिक्षक. माती तुडवायला कुदळ लागत नसल्यानं त्यांच्यात भांडायचं काही उरलं नाही, तर दोघे जरा उदासच दिसले.

पाटाच्या शेवटी एक दगडी कुंडी होती. सुरुवात करण्याआधी झुलालनं तिच्यातल्या पाण्याच्या उंचीवर कोळशानं रेघ ओढून ठेवली होती. पंचांना आणून दाखवलं, तर पाणी रेघेच्या वर चार बोटं होतं. ही चार बोटं कुणाची, यावर दोन तास खल झाला. कुठल्याच काठीवर त्यांची खाच नव्हती. एकाचं म्हणणं, सगळ्यांनी वाटून घ्यावीत. वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ओला रुमाल येत होता. शेवटी म्हातारे मुख्य पंच म्हणाले, दंडाच्या दिवसांतून निघालेलं पाणी आहे, दंड जिला भरला तिचंच. पण पहिली कापणी होईपर्यंत. त्यानंतर पुन्हा बसू.

चार बोटं पाणी म्हणजे फार नव्हे. ते रात्रंदिवस घेतलं तरच पुरणार होतं, आणि बारं इतकं बेतानं उघडायला हवं होतं की दुसऱ्याचा थेंब येऊ नये. मादलेनबाई फरशीशी वाकली. तिनं ती जास्त उचलली. झुलालनं हात पाठीमागे बांधून घेतले आणि बोटानं, हनुवटीनं, भुवईनं दाखवायला सुरुवात केली : खाली, अजून खाली, बस. बाई चिडली. फरशीकडे बोट करून काहीतरी म्हणाली.

"ती म्हनस, तूच कर," अर्नेस्ट म्हणाला.

"तिले सांग, आठे मालकनीनाच हात चालस."

तिची ठरलेली वेळ पुन्हा येईपर्यंत असे नऊ दिवस गेले. दर दोन तासांनी बाई फरशी हलवी आणि हा चार पावलांवर उभा राहून हनुवटी हलवी. गाव येऊन बघून जाई. गवत मागच्या वर्षीइतकं झालं नाही. वरची कड जळालीच. पण खालचं मांडीइतकं आलं, आणि जुलैच्या शेवटी कापून वाळवून माळ्यावर चढवलं तेव्हा माळा तीन हिश्श्यांनी भरला. चौथ्या हिश्श्यावाचून गाय राहते की विकली जाते, ते गुरं खाली आल्यावर कळणार होतं. त्यानं परतीची बोट एकदा पुढे ढकलली, एवढंच.

सप्टेंबरात गुरं वरून खाली आली, आणि त्यांच्यामागोमाग खालच्या शहरातला गुरांचा व्यापारी. ज्यांच्याकडे चारा कमी पडतो त्यांची दारं त्याला पाठ असत. तो मादलेनबाईच्या दारी आला. झुलाल समोरच्या दगडी भिंतीवर बसला होता. बोचकं बांधून झालं होतं, दुपारी उतरायचं होतं. व्यापाऱ्यानं गायीच्या पाठीवरून हात फिरवला, पोट दाबलं, मग दात बघायला तिचा जबडा धरला. मादलेनबाईनं त्याचा हात धरून बाजूला केला आणि गायीला दावणीला नेऊन बांधलं. व्यापारी पुढच्या घराकडे गेला.

ती परत बाहेर आली, तेव्हा अर्नेस्ट झुलालला म्हणाला, "निंघाना पहिले तिले काही सांगनं शे?"

झुलालनं जरा विचार केला. "तिले सांग, बरफ पडाना पहिले सांधा अजून एक डाव लिपी ल्या."

अर्नेस्टनं सांगितलं. बाईनं कमरेवर हात ठेवून लांबलचक उत्तर दिलं.

"काय म्हनस?"

"म्हनस, ते तिले दिखास. तुले सांगानं काम नही."

झुलालनं मान हलवली, बोचकं उचललं आणि उताराला लागला.