चांगल्या गुडघ्याची पट्टी
निलगिरी तेलाचा वास आला की नागापूरच्या तापलेल्या सिमेंटच्या मैदानावरचा तो दिवस आठवतो. पगारावर बास्केटबॉल खेळत पाच संघ फिरून झाले होते आणि मी सहाव्याच्या निवडीला गेलो होतो. डावा गुडघा आतून कटकट वाजायचा. संघवाल्यांना कळलं असतं तर नोकरी हातची गेली असती. म्हणून मी, मोठा हुशार, पट्टी धडधाकट उजव्याला बांधली. संघाच्या डॉक्टरांनी पट्टी बघून तोच दाबून पाहिला. "घोडा आहे घोडा!" म्हणाले आणि मला घेतलं. तेवढ्यात पाणी वाटणारा, त्याच संघाचा जुना खेळाडू लंगडत आला. माझ्या डाव्या पायाकडे बघत हळूच म्हणाला, "मी बी चांगल्यालाच बांधायचो, भाऊ." मी हसलो, पण पाणी न पिताच पेला परत दिला. आता बायको रोज डाव्या गुडघ्याला निलगिरी तेल चोळते, आणि त्या मैदानावर पाणी मी वाटतो.