बेटावरचा गडी आणि बाबांचं प्लास्टर

बाबांचा पाय मोडला तो केळीच्या वावरात. भर पावसात ते बांध फोडायला गेले होते, कारण केळीच्या मुळाशी पाणी तुंबलं की झाड पिवळं पडतं. तिथे घसरले. प्लास्टर घातलं आणि चौथ्या दिवशी बाबा काठी टेकत पुन्हा त्याच वावरात. प्लास्टर भिजून कालवलेल्या पिठासारखं झालं. नवं घालताना डॉक्टर म्हणाले, "दादा, यह भी भीगा तो हड्डी टेढ़ी जुड़ेगी. फिर ज़िंदगीभर लंगड़ाते रहना."

मग मी आई-बाबांना तुकईथडजवळच्या आमच्या गावाहून बुऱ्हाणपूरला माझ्या दोन खोल्यांत घेऊन आले. इथे मी एका शाळेत विज्ञान शिकवते. पाच आठवडे बाबांना कोरडं ठेवायचं, एवढंच काम माझ्यापुढे होतं. पण बाबा बसणारे नाहीत. ढग गडगडला की ते खिडकीशी. आई म्हणायची, "याहीले खाटेले बांधून ठेव."

शाळेत जाताना मी त्यांच्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून जायचे. बांधताना मला माझं दप्तर आठवायचं. गावापासून शाळेपर्यंत एक नाला होता. पावसाळ्यात बाबा मला खांद्यावर घेऊन तो ओलांडायचे आणि माझी पुस्तकं युरियाच्या गोणीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असायची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. माझं एकही पुस्तक कधी भिजलं नाही.

माझ्या लॅपटॉपवर एक खेळ आहे. एक माणूस एका निर्जन बेटावर अडकलेला असतो आणि त्याला जगवायचं असतं. तहान, भूक, थंडी आणि ओलेपणा अशा चार पट्ट्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसतात. ओलेपणाची पट्टी भरली की माणसाला ताप येतो. माणूस मेला की सगळं पुसलं जातं, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. शाळेतून आल्यावर मी तासभर तो खेळायचे. शिक्षिकेला हे शोभत नाही असं वाटून कोणाला सांगायचे मात्र नाही.

एका संध्याकाळी बाबा मागून बघत होते.

"हा कोन?"

"बेटावर एकटाच आहे. याला जगवायचं."

"म्हंजे आपला गडीच झाला." बाबा खुर्ची ओढून बसले. "जेवला का तो?"

तिथून सगळं सुरू झालं. मी चहा ठेवायच्या आधी बाबा विचारायचे, "गड्याले पानी पाजलं का?" बेटावरचा पावसाळा अजून आला नव्हता, तर बाबांनी आधी सरपण भरायला लावलं. आमच्याकडे पावसाच्या आधी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, घरात रचून ठेवतात. बेटावर कपाशी नव्हती, म्हणून त्यांनी माझ्याकडून झाडं तोडून घेतली. झोपडी निम्मी लाकडांनी भरली. गड्याला झोपायला जागा उरली नाही.

"त्याले सांग, लाकडावर झोप," बाबा म्हणाले.

मग बेटावर पाऊस लागला. त्या खेळात साचलेलं पाणी उकळून प्यावं लागतं, पण पावसात ठेवलेल्या भांड्यातलं तसंच चालतं. हे ऐकून बाबांच्या अंगात आलं. त्यांनी माझ्याकडून सात भांडी करून घेतली आणि अंगणभर मांडायला लावली. एक भरलं की गडी बाहेर, ते आत आण, रिकामं नेऊन ठेव. पाणी उतू जाताना बघणं बाबांना जमतच नव्हतं. उन्हाळ्यात बोअर आटलेली ज्याने बघितली आहे, त्याला ते जमणारही नाही.

"बाबा, ओलेपणा वाढतोय."

"एकच भांडं. मग बसीन तो."

"मघाशीही एकच म्हणालात."

सातव्या फेरीला ओलेपणाची पट्टी भरली. गडी खोकायला लागला, त्याचं चालणं मंदावलं आणि तो अंगणातच गुडघ्यावर बसला. बाबा पडद्यावर ओरडले, "अरे येड्या, घरात बस ना! पाऊस काय पळून चालला का? तू पडला त मागच्याईनं काय करा?"

स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. आई पीठभरल्या हातांनी दारात आली.

"काय म्हनले? पुन्हा म्हना बरं."

बाबा पडद्याकडे बघू लागले.

"तीस वर्षं झाले, मी हेच म्हनून ऱ्हायली," आई म्हणाली. "मायं नाही ऐकलं. त्या डब्यातल्याचं त ऐका."

मी हसू दाबत होते, तेवढ्यात बाबाच हसायला लागले. इतके हसले की प्लास्टरचा पाय स्टुलावरून घसरला आणि आम्ही तिघांनी एकदमच तो धरला. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "पहिले त्याले शेकोटीजवळ आन. मरू नको देऊ." मी गड्याला ओढत आत आणलं. लाकडं भरपूर होती, ती कामाला आली. ताप उतरेपर्यंत बाबांनी चहाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी व्यवस्था सांगितली. भांडी अंगणात नको, पागोळ्यांखाली ठेवायची. छपरावरचं पाणी आपोआप पडेल, गडी दारातूनच हात घालून घेईल. एवढी साधी गोष्ट मला, विज्ञानाच्या बाईला, सुचली नव्हती.

प्लास्टर निघायला आठ दिवस राहिले असताना गावाकडे खरा पाऊस कोसळला. दुपारी काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वावर तेच बघत होते. "भाऊ, केळीत पानी भरलं. घोट्याच्या वर आहे."

बाबांनी फोन ठेवला आणि काठी घेतली. मी दाराशी उभी राहिले. बाहेर सरी कोसळत होत्या. लॅपटॉप उघडाच होता. बेटावरही पाऊस होता आणि गडी शेकोटीशी बसला होता. बाबांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. शेवटी मी एवढंच म्हणाले, "बाबा, पागोळ्यांखालून काही जमतं का बघा ना."

ते उभेच राहिले. मग खाटेवर बसले आणि फोन लावला. "ऐक. तू केळीत शिरू नको, घसरशीन. बाहेरून फिरून खालच्या कोपऱ्यात जाय, निंबापाशी. तिथं बांधाले बाहेरूनच फोड. पानी सोताच रस्ता धरीन."

तासाभराने फोन वाजला. काका ओरडूनच बोलत होते, "उतरून ऱ्हायलं, भाऊ! तू इथं असता त मधातच शिरला असता!"

"पहिले शिरत होतो," बाबा म्हणाले आणि काठी कोपऱ्यात ठेवली. आईने त्यांच्या हातात गरम भाकरी दिली, वर दोन मिरच्या जास्त.

प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी आधी ते बोटाने वाजवून पाहिलं. टक-टक. "एकदम सूखा," ते म्हणाले. "शाबाश, दादा." आतला पाय पांढरा पडला होता, रोडावला होता, पण सरळ होता. बाबांनी तो जमिनीवर टेकवला, ते दोन पावलं चालले आणि माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले.

येताना आम्ही मावा जिलेबी घेतली. घरी आल्यावर बाबांनी आधी लॅपटॉप उघडायला लावला. बेटावरचा पाऊस थांबला होता.

"ऊन पडलं," ते म्हणाले. "आता सोड त्याले बाहेर."

मी गड्याला दारातून बाहेर काढलं. बाबा जिलेबी खात, आपला मोकळा पाय हलवत त्याचं चालणं बघत बसले.