बाळंतिणीची खोली

तिचं नाव आज आठवत नाही. तिचं उभं राहणं आठवतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. सांगलीत आम्ही काही डॉक्टर, वकील, व्यापारी मिळून एक सेवा क्लब चालवायचो आणि वर्गणीतून आसपासच्या गावांतल्या कामांना मदत द्यायचो. एका सभेला कवठे महांकाळकडची एक सुईण आली. खुर्ची दिली तरी बसेना. पदर कमरेला खोचून दाराशीच उभी राहिली.

"गावात बाळंतिणीसाठी एक खोली बांधून द्या," ती म्हणाली. "अडलेली बाई बैलगाडीतनं हितं आणताना वाटंतच दगावती. माझी लेक तशीच गेली."

अध्यक्ष वकीलसाहेब हळहळले. "मावशी, यंदाची मदत बागेतल्या कारंज्याला ठरली आहे. पुढच्या वर्षी बघू."

"आवं, पोटातलं प्वार पुढल्या वर्सापत्तुर थांबतं व्हय?"

तरीही ठराव बदलला नाही. ती मात्र प्रत्येक सभेला येत राहिली. तशीच उभी, तेच मागणं. मागायला आलेल्या माणसाची लाचारी तिच्या आवाजात कधी आली नाही. शेवटी आम्ही कारंजं रद्द केलं.

उद्घाटनाला गेलो, तर नव्या खोलीचं दार आतून बंद. वकीलसाहेबांनी हातात हार घेऊन कडी वाजवली. दार किलकिलं करून ती म्हणाली, "हार ऱ्हाऊ द्या. बाई अडलीया. आदी पाणी तापवा."

वकीलसाहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि ते चुलीसाठी दगड शोधायला लागले.