शिंपल्यांची सवत

मला सवत होती. हसू नका. ती माझ्या आधी चार पिढ्या घरात आलेली. पन्नास साल उलटल्यावर दोनतीन वर्षांनी माझं लग्न झालं, तेव्हाही ती तश्शीच ताठ उभी होती. मालवणच्या बाजारातल्या आमच्या जुन्या घराची रस्त्याकडची खिडकी हो! तिच्या तावदानांना काचा नव्हत्या, चौकोनी कापलेले पातळ शिंपले होते. सासरच्या कुणा पूर्वजानं म्हणे गोव्याहून गलबतातून आणलेले.

रविवारी सकाळी आमचे हे जुन्या धोतराचा तुकडा ओला करून एकेक शिंपला पुसत बसायचे. लहान मुलाचं तोंड पुसतात ना, तसं. मी चहा आणून ठेवला तरी मान वळायची नाही. पावसाआधी तिला माडाच्या झापांचा नवा आडोसा व्हायचा. माझ्या लुगड्याचं ठिगळ दिसलं का कुणाला?

मी म्हणायची, "एक तरी काच बसवा. रस्त्यार कोण जाता ता माका दिसणा नाय."

"कान आसत मा तुका? आणि ती बघ, ऊन पडला की कशी दिसता!"

ती! माझ्याकडे बघून असं कधी बोलले असतील तर शपथ.

साठ सालाकडे, एका मे महिन्यात ह्यांची मुंबईची चुलत वहिनी आली. खिडकीसमोरून हलेचना. "भावजी, ही मला द्या हो. आमच्या नव्या ब्लॉकमध्ये काय शोभेल! तुम्हाला मी काचेची करून देते."

मला वाटलं, हे आता भडकणार. पण ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिका काच होयीच आसा. व्हरा वयनी."

बघा, चक्क 'न्या' म्हणाले! इतकी वर्षं मागितलं ते दारात आलं. पण वहिनी शिंपल्यांवरून अंगठीचं बोट फिरवत होती, आपलीच असल्यासारखी. मी मध्ये जाऊन उभीच राहिले.

"जमाचा नाय," मी म्हटलं. "सवत झाली म्हणान काय झाला? आमच्या घरातली आसा ती. दुसऱ्याकडे नांदाक कशी धाडू?"

वहिनीला काही उमजेना. हे मात्र ठसका लागेपर्यंत हसले. ओला तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "मगे आता तूच पूस गो तिका."

पुढे घराची कौलं बदलली, पडवी गेली, ती राहिली. मीच पुसायची. रस्ता काही दिसला नाही. आणि शेजारीण जाता-येता बोलायचीच, "भावजी पुशीत तेव्हा जास्त चकाकायची हां!"

मग मी तुकडा पुन्हा ओला करायची.