मितानाचं नाव

देवळात कुणी नारळ फोडला की त्या वासासरशी मला भिलाईतलं कारखान्याच्या पायाचं खोदकाम आठवतं. मी टोळीचा मुकादम, भंडाऱ्याकडून आलेला, आणि टोळी सगळी आसपासच्या छत्तीसगढी गावांतली. दिवसभर ओरडून घसा बसायचा, अंग मोडून जायचं, तरी घमेली हलायची नाहीत. बायको म्हणायची, "कावून एवढा घसा फोडून राहिले जी? त्यायच्यात बसत जा, बोलत जा." म्हणून दुपारी त्यांच्यासोबत बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, खायला बसू लागलो. पुढे त्यांच्यातल्या एकाने नारळ बदलून मला मितान, म्हणजे जन्माचा मित्र, केलं. मितानाचं नाव मग जन्मात घ्यायचं नसतं. हजेरीच्या वहीत मी त्याच्या नावापुढे गुपचूप खूण करायचो. एका सकाळी नवा साहेब आला आणि त्याने मोठ्याने हजेरी घ्यायला लावली. त्या नावापाशी मी थांबलो. "नाम बोलो, नहीं तो गैरहाजिर," साहेब म्हणाला. सगळी टोळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मितानाजवळ गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "साहब, ये हाजिर है." साहेब आम्हा दोघांकडे बघून निघून गेला. त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आधीच घमेली उचलली गेली. आता मितानही राहिला नाही. परवा माणसं सांभाळायचं ट्रेनिंग घेऊन आलेल्या नातवाने ही गोष्ट ऐकून विचारलं, "आबा, नाव काय होतं त्यायचं?" मी म्हटलं, "तुह्या बापाले विचार."