फाटकावरचा पडदा

रुग्णालयाच्या फाटकावर ढगळ खाकी पँट पट्ट्याने कशीबशी आवळून जी बाई उभी असायची, तिला सगळे हवालदारीण म्हणत. ती होती ठेकेदाराकडची साधी सुरक्षारक्षक. पण बोलणं खरखरीत आणि नजर अशी की खोटं बोलणाऱ्याची जीभ अडखळावी. नाव चिकटलं, आणि तिलाही ते आवडायचं.

बायकांची तपासणी तिच्याकडे. फाटकाच्या आत कोपऱ्यात त्यासाठी हिरवा पडदा लावला होता. पिशवी बघायची, अंगावरून हात फिरवायचा, आणि नकाब घालून आलेली असेल तर तिने पडद्यामागे तो वर करायचा. हवालदारीण ओळखपत्रावरचा फोटो ताडून बघायची, "जा" म्हणायची, संपलं. कुणी तेवढ्यात घाम पुसून घ्यायची, कुणी लेकाच्या तापाचं रडगाणं सांगून टाकायची.

नकाबावर मात्र तिचा राग होता. तिच्या माहेरी आईने कधी तोंड झाकलं नव्हतं, आजीनेही नाही. थोरल्या बहिणीचं लग्न प्लायवूडच्या दुकानदाराशी झालं, पुढे त्याची ऊठबस कडव्या मंडळींत सुरू झाली, आणि बघता बघता ताईचा चेहरा रस्त्यावर दिसेनासा झाला. घरच्या समारंभांच्या फोटोंत ताई म्हणजे कडेला उभा एक काळा आकार. ते फोटो आले की हवालदारीण अल्बमचं पान उलटायची. सार्वजनिक जागी तोंड झाकायला बंदी येणार, असं टीव्हीवर सुरू झालं तेव्हा ती ताईच्याच घरी बसून म्हणाली, "बरं झालं. सुटलीस एकदाची." ताई उठून भांडी घासायला गेली.

कायदा झाला आणि लगेच अधीक्षकांनी पडदा काढायला लावला.

"आता आडोसा कशाला?" ते म्हणाले. "झाकून आलेली बाई आत येताच कामा नये. बाहेर पायरीवरच काढायला लावा." हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या तोंडावर मास्क होता, कारण ते नुकतेच वॉर्डातून आले होते.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग बातमी फुटली आणि पायरीसमोर माणसं रेंगाळायला लागली. पार्किंगवाला, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातले दोघे, रुग्णांचे नातेवाईक, आणि ज्यांचं आत काळं कुत्रं ॲडमिट नाही असे कितीतरी. गाडीतून नकाबवाली उतरली की कोपरखळ्या सुरू व्हायच्या, फोन वर व्हायचे. ती मान खाली घालून गाठ सोडायची आणि हे तिकीट काढून बसल्यासारखे बघायचे. त्यांत एक जण कायम दात कोरत उभा असायचा. एकदा एका म्हातारीने नकाब सोडला, तर गालावर भाजल्याची जुनी, आकसलेली कातडी. दात कोरणारा म्हणाला, "हिचं झाकलेलंच बरं होतं रे." सगळे खदखदले. फाटकावरचा हवालदारणीचा जोडीदार, मिशीवाला, तोही हसला.

हवालदारणीने म्हातारीला हाताला धरून आत सोडलं. मग नळावर जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. ते हसणंच अंगाला चिकटल्यासारखं वाटत होतं आणि जात नव्हतं. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

त्याच सुमारास ताईचा फोन आला. काखेत गाठ आली होती.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. दुखत नाही."

"मग दाखवली का नाहीस?"

ताईने फोन ठेवला. हवालदारीण संध्याकाळी गणवेशातच तिच्या घरी गेली. ताईचा नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन टाचेची साल काढत बसला होता.

"भावोजी, ताईला रुग्णालयात न्यायचंय."

"न्या की. पण माझ्या घरची बाई झाकल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही, आणि झाकली तर तुम्ही आत घेणार नाही. मी कुठे अडवलंय? तुमच्या कायद्याने अडवलंय." तो डाव जिंकल्यासारखा हसला आणि टाचेची साल अंगठ्याने उडवली. ती गालिच्यावर पडली. उद्या ती ताईनेच उचलायची होती.

हवालदारीण स्वयंपाकघरात गेली. ताई ओट्याला टेकून उभी होती.

"काढून टाक ते आणि चल माझ्याबरोबर. आता कायदा तुझ्या बाजूने आहे."

"माझ्या बाजूने?" ताई हळू आवाजात म्हणाली. "घाल म्हणाले तेव्हा मला कुणी विचारलं नाही. काढ म्हणाले तेव्हाही नाही. आणि तू टीव्हीसमोर बसून खूश झालीस."

"म्हणजे तुला ते हवंय?"

"पहिल्यांदा रडायचे मी. आता काढलं की अंगावरचे कपडे उतरवल्यासारखं वाटतं. हे चांगलं की वाईट ते मला विचारू नकोस. पण तुमच्या पायरीचे व्हिडिओ पाहिलेत मी. त्या लोकांपुढे मी काढणार नाही. गाठ वाढली तर वाढू दे."

"उद्या तयार राहा. पायरीवर काढावं लागणार नाही," हवालदारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर तिने ताईला स्कूटरवर मागे बसवलं आणि तिच्या नकाबावर पूर्ण तोंड झाकणारं दुसरं हेल्मेट चढवलं. वाटेत कुणी ढुंकून पाहिलं नाही. चौकातल्या पोलिसाने तर पसंतीची मान हलवली. फाटकाशी ताईने हेल्मेट काढलं तशी पायरीसमोरची मंडळी सावरून उभी राहिली.

"चला, बोहनी झाली," मिशीवाला म्हणाला.

हवालदारणीने ताईला सरळ रक्षकांच्या खोलीत नेलं, आत चहा पीत बसलेल्याला बाहेर काढलं आणि कडी लावली. "वर कर," ती म्हणाली. ताईने कापड वर केलं. गाल आत गेले होते, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ही बाई आपली ताई आहे हे हवालदारणीला क्षणभर पटेना. मग तिने खोक्यातला साधा मास्क काढून ताईच्या तोंडाला बांधला, डोक्यावरून ओढणी नीट केली आणि मागच्या दाराने तिला डॉक्टरांकडे पाठवून दिलं.

ती बाहेर आली तेव्हा दात कोरणारा म्हणाला, "ओ बाई, आत काय एकट्याच बघता? आम्ही सकाळपासून उभे आहोत."

हवालदारीण त्याच्या बुटांपुढे थुंकली. आयुष्यात ती रस्त्यावर कधी थुंकली नव्हती.

तासाभरात अधीक्षकांचं बोलावणं आलं. "नियम मोडलात, वर लोकांवर थुंकता? तुम्ही त्या नकाबवाल्यांच्या बाजूच्या आहात का?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही, साहेब. नकाब मला आजही आवडत नाही. पण तुमची ती पायरी बघून मला ओकारी येते. पडदा होता तेव्हाही चेहरा दिसत होताच की."

"वाद नकोय मला," ते म्हणाले, आणि तिची बदली तळघरात, मळक्या चादरींच्या खोलीत झाली. रक्ताच्या, पुवाच्या, ओकारीच्या चादरी मोजून धुलाईला द्यायच्या. कीव करणाऱ्यांना ती सांगायची, "फाटकापेक्षा इथे वास कमी येतो." ते विनोद समजून हसायचे.

ताईची गाठ क्षयाची निघाली. औषधं सुरू झाली, हळूहळू उतारही पडला. नवरा आल्यागेल्याला सांगतो की त्याने वेळीच लक्ष घातलं म्हणून बायको वाचली. हे ऐकताना हवालदारीण चहाचा कप खाली ठेवते आणि पुन्हा उचलत नाही. ताई घराबाहेर अजून नकाब घालते, रुग्णालयापाशी मास्क लावते. यावरून दोघी बहिणींचं अधूनमधून भांडण होतं, मग दोघी मिळून भाजी निवडतात.

परवा स्त्रियांच्या बाह्यरुग्ण विभागातली परिचारिका चादरी द्यायला खाली आली होती. "हल्ली आमची बाकं रिकामीच असतात," ती सहज म्हणाली. "काम एकदम हलकं झालंय बघ."

हवालदारणीने गाठोडं उचललं आणि गाडीवर टाकलं. न आलेल्या त्या बायका कुठे असतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांतली एखादी आत्ता ओट्याला टेकून उभी असेल, आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी जिंकल्यासारखं हसत असेल.