मेंबरसाहेबांच्या घरची भाकरी

पेवातल्या ज्वारीची भाकरी आता कुठे मिळत नाही आणि मिळाली तरी मला नको. तिचा तो कोंदट, आंबूस वास आला की एक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो आणि मग घास घशाखाली उतरत नाही.

तेव्हा मी निजामाच्या पोलिसात अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. ठाणं आळंदच्या बाजूला, खजुरीच्या अलीकडे. रोजनामचा उर्दूत, शिव्या मराठीत आणि तक्रारी निम्म्या कानडीत, असा आमचा कारभार. जगातली मोठी लढाई संपली होती, पण लेव्ही संपली नव्हती. शेतकऱ्यानं पिकाचा ठरलेला हिस्सा सरकारी कोठारात घालायचा, दाणा लपवला तर गुन्हा. आणि लपवायला पेवासारखी जागा नाही. जमिनीत माणूस उभा मावेल असा खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड आणि माती. वर गुरं बांधली की कुणाच्या बापाला पत्ता लागत नसे.

त्या भागातून एक वकील रियासतीच्या कायदेमंडळात निवडून गेले होते. लोक त्यांना मेंबरसाब म्हणत. बसवण्णांना मानणारं शेतकरी घर, मराठी आणि कानडी दोन्ही घरच्याच भाषा. मतदार तेव्हा मोजकेच असत, पण या माणसाला मत नसलेले लोकही आपला समजत. लेव्हीच्या नावाखाली आमचे लोक गावात शिरून मारझोड करत. मेंबरसाबांनी हैदराबादला उभं राहून ते सांगितलं आणि वर जबाबदारी घेतली, पोलीस मागं घ्या, पेवं मी उघडून देतो. मग गावोगाव चावडीवर जाऊन ते म्हणत, "माझ्या घरात एक दाणा लपवलेला निघाला तर मी मेंबरी सोडीन. मग तुम्ही कामून भ्यायलाव?"

लोकांनी खरंच पेवं उघडली. ठाण्यातल्या काठ्या कोपऱ्यात पडून राहिल्या. सरकारी नोकरीत असं कुणाविषयी वाटू नये, पण मला तो माणूस फार आवडायचा.

एका बाजारच्या दिवशी धान्याचा एक अडत्या ठाण्यात आला. मेंबरसाबांच्या शब्दामुळं त्याची स्वतःची दोन पेवं रिकामी झाली होती, त्याची जळजळ चेहऱ्यावर दिसत होती. म्हणाला, "अमीनसाब, गावाला शिकवायलाय, अन् त्याच्याच घरी भरलेलं पेव हाय."

"कुठं आहे?"

"ते ठाव न्हाई. पर हाय."

खबर देणारा मत्सरानं आला म्हणून खबर खोटी ठरत नाही, हे नोकरीत मी लवकर शिकलो होतो. नोंद केली, दोन जवान घेतले आणि निघालो. मनात मात्र म्हणत होतो, काही सापडू नये.

मेंबरसाब कलबुर्ग्याला कोर्टात होते. घर चालवायचे त्यांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे अण्णा म्हणत. आईबाप लवकर गेले, धाकट्याला यांनीच वाढवलं, शिकवलं. अण्णांनी तिन्ही पेवं दाखवली, तिन्ही स्वच्छ झाडलेली. घरात खाण्यापुरती यंदाची नवी ज्वारी कणगीत होती, हिशेबाला बरोबर. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यांनी दिलं, पण उर्दूत. माझ्याशी एरवी मराठीत बोलणारा हा माणूस आज कचेरीतली भाषा कशाला वापरतोय, हे मला खटकलं. खोटं बोलायला लोकांना घरची भाषा जड जाते, असा माझा अनुभव आहे.

जवानांनी कोठा, परसू, ओसरी सगळं धुंडाळलं. काही नाही. मी सुटलो असं मला वाटलं, आणि तेवढ्यात अण्णांची बायको, जिला सगळे अक्का म्हणत, आतून म्हणाली, "जेवायच्या वक्ताला कुणी उपाशी जात न्हाई या घरातून. पोलीस असू दे न्हाईतर कुणी."

झडतीच्या घरी जेवू नये, हा नियम मला माहीत होता. पण त्या घरी ताटाला नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणं. बसलो. तिनं भाकरी, डाळ आणि शेंगाची चटणी वाढली. पहिला तुकडा मोडला आणि हात तिथंच थांबला.

मी उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरचा. नव्या ज्वारीच्या भाकरीला गोडसर वास असतो. ही भाकरी पेवातली होती, वर्षभर जमिनीखाली राहिलेल्या दाण्याची.

"करपली का?" अक्कानं विचारलं. तिला तो वास येतच नव्हता. जन्मभर तेच खाल्लेलं, तिला कुठून येणार? आणि शेतकऱ्याच्या घरात नवा दाणा पुढच्यासाठी राखून ठेवतात, जुना आधी संपवतात. झडती असो नाहीतर काही असो, अक्कानं तेच केलं होतं.

"अक्का, पीठ कधी दळलं?"

"आज पहाटंच की."

तिन्ही पेवं रिकामी, कणगीत नवी ज्वारी, आणि जुन्या दाण्याचं पीठ मात्र आजचं.

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग पहिल्यांदाच ते कानडीत बोलले, अगदी हळू. कडब्याच्या गंजीखाली चौथं पेव होतं. लहानपणी दुष्काळ पडला तेव्हा त्यांची पाठची बहीण त्यांच्या मांडीवर भुकेनं गेली होती. "पेवात दाणा न्हाई म्हटलं की मला झोप लागत न्हाई," ते म्हणाले. "धाकट्याला काही ठाव न्हाई, अमीनसाब. त्याला सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी उपसलं असतं."

ते खरं होतं. खऱ्या जबाबाला खोदावं लागत नाही.

गंजी हलवून पेवाचं तोंड उघडलं. पेव उघडलं की लगेच आत उतरता येत नाही, कोंडलेली हवा माणूस मारते. कंदील सोडून बघायचं, विझला तर थांबायचं. कंदील विझला. आम्ही थांबलो आणि तेवढ्यात सगळा गाव गोळा झाला. अडत्याही आला. उन्हं उतरताना मेंबरसाब गाडीतून उतरले. उघडं पेव पाहिलं आणि मग भावाकडं पाहिलं.

मी त्यांना बाजूला घेतलं. "पंचनामा अण्णांच्या नावानं होईल. घर त्यांच्याच नावावर आहे. तुमचं नाव कागदावर यायचं काही कारण नाही."

"ज्वारी अण्णाची असंल," ते म्हणाले. "शब्द माझा होता."

मग ते पेवाच्या काठावर उभे राहिले आणि आधी मराठीत, मग कानडीत, जमलेल्या लोकांना म्हणाले की मी मेंबरी सोडली. अण्णा गुडघ्यात डोकं घालून रडत होते. धाकट्यानं खाली बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अडत्या मात्र गर्दीतून कधी निघून गेला ते कळलं नाही.

अण्णांना थोडी शिक्षा झाली. मेंबरीवर दुसरा माणूस आला, त्याची पेवं कुणी मोजली नाहीत. लेव्हीसाठी पुन्हा काठ्या निघाल्या. पुढं रियासतीचे शेवटचे दिवस फार वाईट गेले, गावं एकमेकांवर उठली. त्या वेळी दोन्ही बाजूंना थांबा म्हणणारा आणि ज्याचं दोन्ही बाजू ऐकतील असा एक माणूस आमच्या तालुक्यात होता. तो घरी बसून होता. माझ्या तपासात चूक नव्हती. आजही तो तसाच करीन. पण त्याचं वाईट वाटणं आजवर गेलेलं नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं लोक विचारतात. इतकंच, की कुणी सगळ्या गावाची हमी घेऊ लागला की मला आता त्याच्या घरच्यांची काळजी वाटते.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, त्या वाटेनं जाताना मी त्यांच्याकडे उतरलो. अण्णा गेले होते. अक्का थकली होती, पण जेवल्याशिवाय तिनं सोडलं नाही. दुकानातून आणलेल्या ज्वारीची भाकरी होती. मेंबरसाबांनी भाकरी मोडली, नाकाशी नेली आणि मग तोंडात घातली. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"सवय लागली," ते म्हणाले. "गावोगाव फिरलो, अमीनसाब. घरची भाकरी रोज खाल्ली, पण तिचा वास कधी घेतला न्हाई."

अक्कानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि मी ती खाल्ली.